मेन बंद, दिवा चालू

तांब्याचं ताम्हन देवघराच्या फरशीवर आदळलं, गरगरत उंबऱ्यापर्यंत आलं आणि माझ्या पायाशी थांबलं. आत नेवरेकरबुवा भिंतीपासून चार हात लांब उभे होते. अंगावर ओलं धोतर, उजवा हात डाव्या हातात घट्ट धरलेला, तोंडाचा रंग उडालेला.

"काय झालं बुवा?" मी विचारलं.

बुवांनी आधी बोटं उघडमीट करून पाहिली. कीर्तनकार माणूस, संध्याकाळी हातात झांज धरता येईल ना, याची त्यांनी पहिल्यांदा खात्री करून घेतली असावी. मग म्हणाले, "सूनबाई, चाळीस वर्षं देवाच्या दारात उभा आहे. इतकी स्पष्ट लाथ त्यानं मला कधी मारली नव्हती."

सासूबाई स्वयंपाकघरातून फुलांची परडी घेऊन आल्या. पडलेलं ताम्हन बघून त्या जराही गडबडल्या नाहीत.

"बटणाला हात लावलात वाटतं," त्या म्हणाल्या. "आमचं देवघर जागृत आहे बुवा. थोडं झिणझिणतंच."

"थोडं? सगुणाबाई, माझी शेंडी अजून खाली बसलेली नाही."

त्या हसल्या. मीही हसले, पण माझं हसू लगेच आटलं.

ती चैत्रातली सप्तमी होती. रामनवमी दोन दिवसांवर. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी राममंदिरात पाडव्यापासून रोज संध्याकाळी कीर्तन असतं, आणि बुवांचा मुक्काम आमच्या घरी. हा मान मामंजींनी मिळवलेला. आम्ही वडके, त्वष्टा कासार. मामंजींनी ठोकलेले हंडे आणि कळशा पंचक्रोशीतल्या रुखवतात मांडल्या जायच्या. मी इचलकरंजीची. ज्या घरी कीर्तनकार उतरतात ते घर कसंही असलं तरी मला चालेल, असं मी लग्नाआधी वडिलांना सांगितलं होतं. वडील सूतगिरणीत वायरमन. ते म्हणाले होते, "वायरिंग तेवढं बघून घे."

मी बघितलं नव्हतं. पूर्वरंग कोणता आणि उत्तररंगाला आख्यान कोणतं, एवढंच बघण्यात माझी सहा वर्षं गेली होती.

देवघर म्हणजे माजघरालगतची लहानशी खोली. देव्हाऱ्यावर एक तांबडा झिरोचा बल्ब, तो अखंड चालू. त्याला बटणच नव्हतं. पोथी वाचायला दुसरा मोठा बल्ब, त्याचं बटण दाराच्या आतल्या बाजूला, आणि त्या बटणाभोवती मामंजींनी स्वतःच्या हाताने ठोकलेला चौकोनी पितळी पत्रा. आठ पाकळ्यांचं कमळ आणि मधोमध काळं बटण. गावात कुणाकडे असं नव्हतं. मामंजींना जाऊन दोन वर्षं झाली होती, पण सासूबाई दर एकादशीला तो पत्रा चिंचेने घासून लखलखीत ठेवत.

त्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकदा यांच्याकडे विषय काढला होता. हे म्हणाले, "आईला विचार." आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "देवाचं आहे." तिथेच तो विषय संपला होता.

पण त्या वर्षी पाडव्याला आम्ही घराला चुना दिला होता, आणि देवघराच्या भिंतीला दोन हात जास्त. भिंत अजून ओली होती, आणि ओल पत्र्यामागे नुकतीच पोचली असावी. मुंग्यांची लाथ झाली ती त्यामुळेच. बुवा धडधाकट माणूस, उडाले आणि सुटले. माझ्या डोळ्यांपुढे आल्या सासूबाई. पासष्ट वर्षांच्या, रोज पहाटे न्हाणीतून ओलेत्यानं येणाऱ्या, पाय अनवाणी, केसांतून पाणी गळतंय. देवघरात पाऊल टाकताना त्यांचा उजवा हात त्या कमळावर असायचा. रोज. मी पाहिलेलं होतं. दाराला धरून आत जातात, तसा हात लागत असेल, एवढंच मला वाटलं होतं.

"आई, आता इथे कोणी जायचं नाही," मी म्हणाले. "भिंतीला हात लावायचा नाही."

"आणि पूजा?"

"थांबेल थोडी."

"सप्तमीची पूजा थांबेल? कुमुद, बुवा घरात असताना असं बोलू नये."

"बुवा घरात राहायला हवेत म्हणूनच बोलतेय."

बुवा खोकले. "मला कोरडं धोतर मिळालं तर मी दोन्ही बाजूंनी बोलायला मोकळा होईन."

हे दुकानाच्या मालासाठी पुण्याला गेले होते, नवमीला यायचे होते. म्हणजे जे काय करायचं ते मलाच. मी ट्रंकेतून वडिलांनी दिलेला टेस्टर काढला. लग्नात मुलीला कोणी टेस्टर देत नाही, पण माझ्या वडिलांनी दिला होता, खणात गुंडाळून. लहानपणी त्यांच्या मागे हिंडताना एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून शंभर वेळा म्हणून घेतली होती: तार मेली आहे असं समजायचं नाही, टेस्टरला विचारायचं; आणि टेस्टर खरं बोलतो का, हे त्याच्या आधी बघायचं.

मी स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये टेस्टर घातला. आतला दिवा लागला. टेस्टर खरं बोलत होता. मग चपला घालून देवघराकडे वळले.

"चपला?" सासूबाई आडव्या आल्या. "देवघरात चपला घालून जाणार तू?"

"रबराच्या आहेत आई. पायाखाली काहीतरी वीज न जाणारं हवं."

"मग मी मेल्यावर जा."

मी तेच टाळायला निघाले होते. पण देवघरात चपला माझ्याही मनाला पटत नव्हत्या, खोटं कशाला बोलू. मी चपला काढल्या, बुवांच्या जेवणाचा लाकडी पाट आणला, तो कोरड्या फडक्याने दोनदा पुसला आणि दाराशी टाकला. कोरडी रेशमी साडी नेसले. सोवळ्याला रेशीम चालतं, विजेला कोरडं अंग चालतं. दोघांचंही समाधान झालं. पाटावर उभी राहून मी टेस्टरचं टोक कमळाच्या एका पाकळीला टेकवलं.

लखकन लागला.

"पत्र्यातच वीज आलीय आई."

"देवघरात तेज असायचंच."

"तेज टेस्टरमध्ये दिसत नाही."

"तुझ्या वडिलांचा टेस्टर. त्याला काय दिसतं आणि काय नाही, ते तुलाच माहीत."

मी ओसरीवर गेले आणि मीटरशेजारचा मेन खटकन खाली ओढला. माजघरातला पंखा घरघरत थांबला, दुकानातला रेडिओ गप्प झाला. परत येऊन बघते तो देव्हाऱ्यावरचा झिरोचा बल्ब जळत होता.

सगळ्या घराची वीज गेलेली, आणि रामाच्या मूर्तीवर तो तांबडा उजेड तसाच.

मी टेस्टर विसरले. माझे हात आपोआप जोडले गेले. बुवा कोरडं धोतर नेसून मागे येऊन उभे राहिले होते, त्यांनीही हात जोडले.

"बघितलंस?" सासूबाई अगदी हळू म्हणाल्या. त्यात मिरवणं नव्हतं. "फ्यूज उडतो तेव्हाही हा जळतो. मी कधी कोणाला सांगितलं नाही. सांगायची गोष्ट नव्हे ती."

"पण गावची वीज जाते तेव्हा?"

"तेव्हा जातो. ती वीज मंडळानं नेलेली असते. आपण नाही विझवला."

राहू द्यावं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. ज्या घरात असं काही घडतं त्या घरची मी सून, यात मला त्या घटकेला फार सुख होतं. पण हात जोडलेले असतानाच माझी नजर खाली गेली. सासूबाईंच्या लुगड्याचा ओला काठ फरशीवर टेकला होता आणि त्याच्याभोवती पाण्याचं तळं साचलं होतं. मी टेस्टर उचलून पुन्हा पाकळीला लावला.

पुन्हा लागला. मेन बंद असताना.

दिवा जळणं मला समजून घेता आलं असतं. पण ज्यानं दिवा जळता ठेवला तो पूजा करणाऱ्याला झटका कशाला देईल, हे काही मला समजेना. मी स्टूल घेतलं आणि देवघरापासून तारेची लाकडी पट्टी बघत निघाले. माजघराच्या तुळईखालून, खिडकीवरून, ओसरीपर्यंत. पट्टीवर तेलरंगाचे इतके थर चढले होते की तारा दोन की तीन ते कळत नव्हतं. हात मी लावत नव्हते, नुसती बघत होते. मीटरपाशी आल्यावर दिसलं. मीटरमधून निघालेली तार मेनमध्ये शिरायच्या आधीच तिच्यातून एक बारीक तार फुटली होती, रंगाखाली लपून वर चढली होती आणि सरळ देवघराकडे गेली होती. सांधा सुबक होता, काळ्या पट्टीने गुंडाळलेला, आणि त्या पट्टीवर वाळलेल्या हळदकुंकवाची दोन बोटं.

आमच्याकडे भांडं पुरं झालं की त्याला हळदकुंकू लावून मगच गिऱ्हाइकाच्या हातात देतात. ती मामंजींची बोटं होती.

मी दोघांना बोलावलं. बुवांनी चष्मा लावून वर बघितलं आणि एकदाच "हं" म्हणाले. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"मी बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते," त्या म्हणाल्या. "सतरा वर्षं झाली. आले तर देव्हाऱ्यावर हा दिवा. मला म्हणाले, सगुणा, आता हा माणसाच्या हातानं विझायचा नाही. मला वाटलं, नवस बोलले असतील."

"नवसच होता तो," मी म्हणाले. "मेन बंद केला तरी कोणाच्या हातून देवाचा दिवा विझू नये, म्हणून मेनच्या अलीकडून तार घेतली त्यांनी. आता ती तार त्या पत्र्याच्या मागे कुठेतरी सोलली गेलीय. मेन पाडून कोणी भरवशानं तिथे हात घातला असता, तर..."

बुवांनी हाताकडे बघितलं.

"मग आता?" सासूबाईंनी विचारलं.

"खांबावरचा फ्यूज काढावा लागेल. ते मंडळाच्या माणसाचं काम. तोपर्यंत इथे काहीच उघडायचं नाही. नंतर ही तार काढून टाकायची, आणि पत्रा."

सासूबाई वळल्या आणि देवघरात गेल्या. मी धावले. पत्र्याला न शिवता त्या आत शिरल्या आणि देव्हाऱ्यापुढे आसनावर बसल्या. "दिवा विझवायचा नाही. पत्रा काढायचा नाही. मी इथून उठत नाही."

"मग मी इथे बसते." मी उंबऱ्यावर बसले.

"उंबऱ्यावर बसू नये."

"माहीत आहे."

"ऊठ."

"तुम्ही उठा, मी उठते. उद्या पहाटे ओलेत्यानं तुम्ही या दारातून आत जाणार असाल तर मी रात्रभरही इथेच बसेन. यांना सांगेन, आईंनी अडवलं म्हणून नाही, मीच हटले नाही म्हणून."

"सासूला दटावतेस?"

"हो."

बुवा माजघरात येरझारा घालत होते. सासूबाईंनी त्यांनाच हाक मारली. "बुवा, तुम्ही सांगा. सतरा वर्षं जळणारा दिवा सुनेनं विझवावा, हे कोणत्या शास्त्रात बसतं?"

बुवा दाराशी आले. "सगुणाबाई, मी रोज पूर्वरंग संपला की मध्यंतराला खाली बसतो. लोक बुक्का लावतात, हार घालतात, पेटीवाला पाणी पितो. तेवढा वेळ मी एक अक्षर बोलत नाही. कीर्तन मोडलं असं तुम्ही कधी म्हणालात?"

"ते वेगळं."

"वेगळं असेल. मला पामराला तेवढंच कळतं."

बुवांचं बोलणं मला फार आवडलं, पण सासूबाई तसूभर हलल्या नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की अडलंय ते दिव्यापाशी नाही. दिव्याचं नाव पुढे केलं तरी त्यांची नजर पुन्हा पुन्हा त्या पितळी कमळाकडे जात होती. आणि मला त्यांचा रोजचा हात आठवला. दाराला धरायचं तर चौकट डाव्या हाताला होती. त्या उजवा हात लांब करून पत्र्यावर ठेवायच्या.

"आई," मी विचारलं, "तुम्ही मुद्दाम लावता ना हात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बुवा मागच्या मागे निघून गेले. चांगल्या कीर्तनकाराला कुठे थांबायचं ते कळतं.

"ते आजारी होते ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा त्यांच्या हाताला कंप होता. शेवटचे सहा महिने. ऐरण सुटली होती, पण हात ठोकल्यासारखा हलायचा. मी त्यांचा हात हातात घेतला की माझ्या कोपरापर्यंत कळायचं. ते गेले, आणि दहाव्या दिवशी मी देवघरात आले. पत्रा पुसायला हात लावला." त्यांनी उजवा तळवा उघडून बघितला. "तसंच होतं, कुमुद. हुबेहूब. मग रोज एकदा लावते. त्यात कोणाचं काय जातंय?"

वडिलांनी तारांबद्दल जे शिकवलं त्यात हे नव्हतं, आणि कीर्तनात ऐकलेलं सगळं मी आठवून बघितलं, त्यातलं काहीही त्या बाईंपुढे उच्चारण्याजोगं वाटलं नाही. गप्प बसले असते तर त्यांनी ते होकार समजलं असतं. म्हणून मी बोलले.

"आई, मामंजींनी तुमच्यावर कधी हात उगारला?"

"त्यांनी? भांड्यांवर ठोकायचे तेवढंच."

"मग हे ते नाहीत. आज बुवा फेकले गेले. उद्या तुम्ही जाल. त्यांनी केलेला पत्रा तुम्हाला मारेल, आणि गाव म्हणेल दत्तोबा वडक्यांच्या हातानं मारलं. ते त्यांना चालेल?"

त्या हलल्या नाहीत. बाहेर मंदिराचा कर्णा सुरू झाला, कोणीतरी त्यात फुंकर मारून बघत होतं. सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं, मग नाक.

"समई लावू दे आधी," त्या म्हणाल्या. "देव अंधारात नको."

त्यांनी दोन वाती लावल्या, आसन उचललं आणि भिंतीपासून लांबून, अंग चोरून बाहेर आल्या. मी उंबऱ्यावरून उठले. पाय मुंग्यांनी बधिर झाले होते.

मंडळाचा लाईनमन बबन मंदिराच्या मांडवात शिडीवर सापडला. नवमीसाठी दिव्यांच्या माळा लावत होता. मी खालून सगळं सांगितलं.

"मेनच्या अलीकडून तार?" तो शिडीवरूनच म्हणाला. "ही कलाकारी कुणाची वहिनी?"

"मामंजींची."

"दादांची? मग नीट केली असेल."

"फार नीट केलीय. म्हणून तर सतरा वर्षं कोणाला सापडली नाही."

"मेनच्या अलीकडून म्हणजे मीटरच्याही अलीकडून नाही ना? नाहीतर मला कागद करावा लागेल."

"मीटरच्या पुढून. देवाच्या दिव्याचंही बिल भरलंय आम्ही."

तो हसून खाली उतरला. त्याच्याकडून मी काळी पट्टी, वाटीएवढं तारेचं भेंडोळं आणि एक साधं काळं बटण लाकडी फळीसकट घेतलं. आमच्या दारातल्या खांबावर तो चढला, आमच्या घराचा फ्यूज उपसला आणि खिशात टाकला.

"मी खालीच बसतो," तो म्हणाला. "फ्यूज माझ्या खिशात. तुम्ही 'झालं' म्हणेपर्यंत बाप आला तरी देत नाही. आत मी येऊ का करायला?"

"अंघोळ झालीय?"

"सकाळी चारला मांडवात आलोय."

"मग खांबच सांभाळ," ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या. पुन्हा त्यांचा तो ठेवणीतला आवाज ऐकून मला जरा बरं वाटलं.

झिरोचा बल्ब विझला होता. समईच्या दोन ज्योती तेवढ्या. मी शेजारच्या पोतदारांकडे जाऊन त्यांच्या प्लगमध्ये टेस्टर घातला, लागला. घरी येऊन पत्र्याला लावला, लागला नाही. पुन्हा पोतदारांकडे जाऊन प्लगमध्ये घातला, लागला. पोतदारकाकू म्हणाल्या, "कुमुद, किती वेळा तेच?" मी म्हटलं, "काकू, टेस्टर मधल्या मध्ये मेला असता तर?" त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. बुवांना कळलं. ते म्हणाले, "ही रीत आम्हा बोलणाऱ्यांना कोणी लावली तर बरं होईल."

पाटावर उभं राहून मी चार स्क्रू सोडवले. पत्रा जड होता. मागे चुन्याचं पाणी साठून पांढरी खपली धरलेली, आणि पत्र्याच्या खालच्या धारेखाली ती जुनी कापडी वेष्टणाची तार दबून कापली गेली होती. गव्हाच्या दाण्याएवढी तांब्याची तार उघडी. सतरा वर्षं ती धार रोज थोडं थोडं कापत होती. आतल्या तारा उघड्या झाल्यावर प्रत्येकीला वेगळा टेस्टर लावला, कारण एका तारेचं उत्तर दुसरीला लागू होत नाही. सगळ्या गप्प होत्या.

मग देवघरापासून मीटरपर्यंत ती चोरतार काढली. सांध्याशी आल्यावर हळदकुंकवाची पट्टी मला फाडवेना. सासूबाई स्टुलाशी उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला, मी खाली वाकून कात्री दिली, आणि त्यांनी मला परत दिली. "तूच काप," म्हणाल्या. मी कापली, मूळ तारेवर नवी पट्टी घट्ट गुंडाळली. देवघरातलं जुनं बटण उतरवलं आणि नवं देवघराबाहेर, माजघराच्या कोरड्या भिंतीवर बसवलं. दोन्ही बल्ब त्याच्यावर घेतले, आणि बटणातून जिवंत तारच तुटेल याची खात्री केली, म्हणजे बटण बंद केल्यावर बल्बाच्या खोबणीत वीज उरू नये. बुवा मला बॅटरी धरून उजेड देत होते आणि हळू आवाजात संध्याकाळचं आख्यान घोळवत होते. माझ्या आयुष्यात एवढ्या जवळून ऐकलेलं ते एकच कीर्तन.

"झालं," मी ओसरीवरून म्हणाले.

बबनने फ्यूज लावला, मी मेन वर केला. मी बटणाच्या फळीला, चौकटीला, देवघराच्या ओल्या भिंतीला, सगळीकडे टेस्टर लावून पाहिला. कुठेच लागला नाही.

"दाबा आई."

सासूबाईंनी हात कोरडे केले आणि बटण दाबलं. देव्हाऱ्यावर तांबडा उजेड आला. त्यांनी बोट तिथेच ठेवलं.

"काही लागत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही लागणार."

त्या दिवशी बुवांची पूजा साडेबाराला झाली, जेवणं तीनला. पाचला कीर्तनाला आम्ही दोघी पुढे बसलो. मध्यंतरात बुवा खाली बसले तेव्हा त्यांनी एकदा आमच्याकडे बघितलं. सासूबाई मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चुलीपाशी असताना न्हाणीचं दार वाजलं. ओल्या पावलांचा आवाज देवघरापर्यंत गेला आणि थांबला. मी उठून माजघरात आले.

भिंतीवर पत्र्याच्या जागी चार भोकं आणि एक चौकोनी डाग राहिला होता, आतला जुना निळा रंग दिसणारा. सासूबाईंनी उजवा हात त्या डागावर ठेवला होता. पाणी केसांतून पाठीवर गळत होतं, पायाखाली साचत होतं. त्या तशाच उभ्या राहिल्या. हात त्यांनी जरा सरकवला, पुन्हा ठेवला, तळवा पूर्ण टेकवला.

काही झालं नाही.

मामंजी गेल्यापासून दोन वर्षं आमच्याकडे कोणी आलं की त्या म्हणायच्या, "हे नाहीत आता घरी." बाहेर गेलेल्या माणसाबद्दल म्हणावं तसं. वर्षश्राद्धाला गुरुजींनी विचारलं तेव्हाही त्यांनी तिथी सांगवली ती माझ्याकडून.

त्या वळल्या, मला बघितलं आणि म्हणाल्या, "कुमुद, गेले गं ते."

"हो आई," मी म्हणाले.

त्या तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या. ओल्या भिंतीला टेकून, ओल्या अंगानं. मी त्यांना उठवलं नाही. आता तिथे बसायला हरकत नव्हती.